साहेब महाबळेश्वरला असतानाची तारीख

छापखान्यातल्या गोष्टी सांगायला बसलो की आमच्या घरची माणसं हळूच उठून आत जातात. त्यांचा दोष नाही. गिरगावातल्या एका गल्लीत, एकाच टेबलाशी बसून मी अकरा वर्षं प्रुफं तपासली. एवढ्या वर्षांत चुका जितक्या हाताखालून गेल्या त्याहून किस्से जास्त साठले. चूक निदान दुरुस्त करून टाकता येते. किस्सा कुठे टाकणार? आज तुम्ही आपणहून विचारलंत, तर ऐका. पण नुसतं हसायच्या तयारीने बसला असाल तर आधीच सांगतो, मध्येच माझं डोकं फिरेल. इतकी वर्षं झाली, अजून फिरतं.

गोष्ट गाठीच्या रोगाची, म्हणजे प्लेगची, साथ येण्याआधीची, घोड्यांच्या ट्राम चालत तेव्हाची. आमच्या छापखान्यातून दर वर्षी एक मोठा तक्ता निघे. बारा महिने, प्रत्येक तारखेला एक चौकोन, त्यात वर इंग्रजी तारीख आणि खाली तिथी. कचेऱ्यांत, पेढ्यांवर, वकिलांच्या बैठकीत तो भिंतीवर लागे. एका वर्षी आमचे मालक आबासाहेब यांच्या डोक्यात आलं की तिथीखाली एक ओळ घालायची: त्या तारखेला आपल्या मुंबई इलाख्यात पूर्वी काय घडलं. जुनी सरकारी गॅझेटं चाळून ओळी ते स्वतः निवडणार. तिथ्या शास्त्रीबुवांनी बघायच्या, खिळे, म्हणजे छपाईची शिशाची अक्षरं, दाजीबाने जुळवायचे. हा दाजीबा मूळचा मालवणकडचा, लालबागहून रोज चालत यायचा. प्रुफं माझ्याकडे. आधी शाळेत शिकवत होतो म्हणून सगळे मला मास्तर म्हणत. एवढीच मंडळी, आणि एवढ्याच मंडळींनी वर्षभर पुरेल इतका संताप दिला!

*

आबासाहेबांचा इतिहास कसा होता ते आधी सांगतो. एका चौकोनात 'लाटसाहेब बंदरावर उतरले'. दुसऱ्यात 'लाटसाहेब विलायतेस परत निघाले'. तिसऱ्यात त्यांच्या घोड्याने शर्यत जिंकली. घोड्याचं नावसुद्धा दिलं होतं.

हिवाळ्यातल्या एका तारखेला ओळ होती, 'भायखळ्याच्या बागेत फुलांचे प्रदर्शन भरले'. दाजीबा खिळे जुळवता जुळवता थांबला. मला वाटलं टाईप कमी पडला. मी विचारलं तर म्हणाला, साल आणि तारीख परत वाचा. मी वाचली.

मग त्याने सांगितलं. त्याचा बाप परळच्या एका गिरणीत होता. त्या दिवशी त्याचा हात पट्ट्यात सापडला. इंजिन थांबवायचा हुकूम फक्त मोठा साहेब देऊ शकत असे, आणि मोठा साहेब दुपारपासून फुलं बघायला गेला होता. माणसं बागेपर्यंत धावत गेली आणि धावत आली. तोवर हात खांद्यापर्यंत गेला.

"मास्तर, ही ओळ मीच जुळवची?" एवढंच त्याने विचारलं.

मी आबासाहेबांकडे गेलो. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं, वाईट वाटल्याचंही सांगितलं, आणि म्हणाले की गॅझेटात फुलांचंच आहे. दाजीबाने ती ओळ जुळवली. प्रुफात एकही चूक सापडली नाही.

*

एक लाटसाहेब तर दोनदा उतरले! आदल्या संध्याकाळी त्यांची बोट बंदरात आली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब धक्क्यावर आले. आबासाहेबांनी दोन्ही तारखा देऊन टाकल्या. एका चौकोनात बोट आली, पुढच्यात साहेब आले.

शास्त्रीबुवा फार बोलत नसत. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी अगदी सरळपणे विचारलं, "मधली रात्र ते कोणत्या तारखेस होते?"

आबासाहेबांना राग आला. पण चौकोन दोनच राहिले.

*

सगळे चौकोन भरत आले आणि एक उरला. मे अखेरची एक तारीख. नेमकी कोणती ते सांगत नाही. कोणाच्या घरी तो तक्ता जपून ठेवलेला असेल तर त्याने शोधावी. आबासाहेबांनी तीस-चाळीस वर्षांची गॅझेटं उलटीपालटी केली. त्या तारखेला काहीच नाही. नियुक्ती नाही, मेजवानी नाही, पुतळा नाही.

कारण काय, तर उन्हाळ्यात सरकार महाबळेश्वरला असतं. साहेब थंड हवेत, दप्तर त्यांच्यामागे. इथे उरलो आपण, आणि आपण उरलो म्हणजे कोणीच उरलं नाही. आबासाहेबांनी अगदी शांतपणे निकाल दिला की त्या तारखेला मुंबईत आजवर काही घडलेलं नाही. हे ते अशा शहरात बसून बोलत होते जिथे त्यांच्या खिडकीखालून तासाला हजार माणसं जात होती. मी पुढचं प्रूफ ओढून घेतलं. नोकरीचा माणूस होतो.

रिकामा चौकोन मात्र त्यांना खुपत होता. भिंतीवर एक भोक दिसेल म्हणाले.

*

आता भोक बुजवायला माणसं आली. गल्लीच्या तोंडाशी नानासाहेब वकील राहत. त्यांनी पूर्वी कधीतरी मे महिन्यात एका दिवाणखान्यात व्याख्यान दिलं होतं, विषय 'आपल्या लोकांची आळशी वृत्ती'. ते सकाळी अकराला उठत, पण तो मुद्दा सोडा. चौकोनात त्या व्याख्यानाची ओळ घाला असं त्यांनी सुचवलं.

मी त्यांचं छापील भाषण काढून तारीख पाहिली. चार दिवसांचा फरक होता. तसं सांगितलं तर ते माझ्यावरच हसले. "चार दिवसांनी काय बिघडतं, मास्तर? भाषण तेच आहे ना?"

आबासाहेबांना हे पटलं. ओळ लिहून माझ्या टेबलावर आली. तारखेसाठी घटना असते की घटनेसाठी तारीख, हे मला त्या दिवसापासून कळेनासं झालं आहे.

*

आमच्या छापखान्याच्या वरच आबासाहेबांचं बिऱ्हाड. तिथे एक दिवसाआड पारूबाई कोळीण मासळी घेऊन यायची, दादरच्या किनाऱ्यावरून. आबासाहेबांना पापलेटाशिवाय जेवण जात नसे. त्या दिवशी ती वरून उतरली आणि जिन्याशी न थांबता थेट माझ्या टेबलाजवळ आली. टोपली खाली ठेवली. म्हणाली, तुमच्या कागदात एक जागा रिकामी आहे असं दाजीबा सांगत होता.

तिची हकीकत अशी. तीन वर्षांपूर्वी तिचा नवरा धर्मा आणखी तिघांबरोबर होडी घेऊन गेला. पावसाळ्यात होड्या वर ओढायच्या, त्याआधीच्या शेवटच्या दिवसांतली खेप. पारूबाईने भाकर बांधून दिली, होडी पाण्यात ढकलायला हात लावला. दुपारी वादळ झालं. तिघांची प्रेतं किनाऱ्याला लागली. धर्माचं लागलं नाही.

मग कोणीतरी म्हणालं, दमणच्या बाजारात त्याला पाहिला. घरात आदल्या आठवड्यात भांडण झालं होतं, त्यामुळे लोकांना ते पटलं. आता मुलगी मंजुळा लग्नाची झाली. वरळीच्या एका घरी जमत आलं होतं. मुलाचा बाप नाखवा, स्वतःची होडी असलेला माणूस. त्याने निरोप पाठवला की बायकोपोरीला टाकून पळालेल्याची मुलगी मला नको. तो दर्यात गेला असेल तर कागद दाखवा.

"माजा घोव पलाला नाय, मास्तर," पारूबाई म्हणाली. "दर्यान गेला. तुमी छापलंत त लोक मानतील."

मी तारीख विचारली. तारीख तिला माहीत नव्हती. तारखा कचेरीवाल्यांच्या, तिच्याकडे तिथी होती. वैशाखातल्या अमावास्येचा आदला दिवस. त्या तिथीला ती दर वर्षी दर्याला नारळ द्यायची. शास्त्रीबुवांनी उठून तीन वर्षांपूर्वीचं पंचांग काढलं. बोट ठेवून एक एक ओळ खाली आले, थांबले, आणि पुन्हा पहिल्यापासून आले. मग त्यांनी पंचांग माझ्यापुढे सरकवलं.

तोच चौकोन होता. महाबळेश्वरवाला.

दाजीबा हातातलं काम टाकून आला. शास्त्रीबुवा, दाजीबा आणि मी आबासाहेबांकडे गेलो. मला वाटलं होतं त्यांना आनंद होईल, कारण इतके दिवस जे शोधत होते ते पायऱ्या उतरून आपणहून आलं होतं. आबासाहेब म्हणाले, "मास्तर, ती माणसं आपल्या कामाला गेली होती. कामावर गेलेली माणसं इतिहासात घालायला लागलो तर तक्ता भिंतीवर मावायचा नाही."

एवढ्यावर ते थांबले नाहीत. सरकारी दाखला आणा म्हणाले, मग बघू. नानासाहेबांच्या आळसाला दाखला लागला नव्हता!

*

गेलो दाखला आणायला. दाजीबा आणि मी, पारूबाई मागे. बंदरावरच्या एका कचेरीत एक कारकून बसले होते, आपल्यातलेच, डोक्याला पगडी. त्यांनी सांगितलं की बुडालेल्या बोटींची नोंद असते, होडीची नसते. होडी एखाद्या आगबोटीवर आपटली असती तर आगबोटीच्या नोंदीत आली असती.

मी म्हटलं, बरं, होडी राहू द्या, माणूस घ्या. त्यांनी वही उघडली. त्या तारखेला तीन मयत होते. चौथ्याचं प्रेत नाही, म्हणून मयत नाही. म्हटलं प्रेत समुद्रात आहे, सगळ्या कोळीवाड्याने त्याला जाताना पाहिलं आहे.

"मग समुद्राकडून लिहून आणा," कारकून म्हणाले.

ते हसले. पारूबाई हसली नाही, पण रडलीही नाही. बाहेर आल्यावर तिने मला फक्त एक विचारलं: तिघं एका होडीत मेले हे सरकार मानतं, तर ती चार वल्ह्यांची होडी चौथ्याशिवाय कोणी वल्हवली? याचं उत्तर आजही मी त्या कारकुनाकडेच मागेन.

*

पुढच्या फेरीला पारूबाई आबासाहेबांच्या दारावरून सरळ पुढे गेली. त्यानंतरच्याही. आबासाहेबांच्या बायकोने, आमच्या वहिनींनी, वरून हाक मारली तर टोपली रिकामी आहे म्हणाली. टोपलीतून शेपट्या दिसत होत्या. दुसऱ्या कोळणींनी तेच केलं. आबासाहेबांनी गडी भायखळ्याच्या बाजारात पाठवला. तिथल्या बाईने त्याला विचारलं, कोणाकडून आलास? त्याने प्रामाणिकपणे सांगितलं आणि तसाच परत आला.

तीन आठवडे वरून वांग्यांचा वास येत होता. आबासाहेब जेवून खाली आले की आम्ही सगळे मान खाली घालून काम करायचो. इतकं मन लावून काम त्या छापखान्यात ना आधी झालं ना नंतर. पण चौकोनात ओळ वकिलांचीच होती, हे विसरू नका. वांगी खाल्ली म्हणून माणूस शहाणा होतो असं नाही.

*

शेवटचं प्रूफ माझ्याकडे आलं. आता आमच्याकडची एक रीत सांगतो. प्रुफावर माझ्या पेन्सिलीने जे लिहिलं जाईल ते कंपोझिटरने मुकाट्याने जुळवायचं. ही रीत आबासाहेबांनीच घातली होती, कारण आधीचा कंपोझिटर प्रत्येक दुरुस्तीवर वाद घालायचा. मास्तरांच्या पेन्सिलीवर शंका नाही, असं त्यांनी सगळ्यांदेखत सांगितलं होतं.

मी वकिलांच्या आळसावर आडवी रेघ मारली आणि समासात लिहिलं: 'दादर येथील धर्मा कोळी व तिघे सोबती मासे धरण्याचे कामास गेले असता वादळात होडी बुडून मरण पावले.' खाली नेहमीसारखं 'ठीक, छापा' आणि सही. घरी आई होती, दोन लहान भाऊ होते, आणि शाळेची नोकरी मी कधीच सोडली होती.

दाजीबाने प्रूफ घेतलं, वाचलं, माझ्याकडे पाहिलं. ओळ लांब होती. चौकोनात बसवायला त्याने सगळ्यांत बारीक टाईप काढला. लाटसाहेबांच्या घोड्याला याच्या दुप्पट टाईप होता, हेही लक्षात ठेवा.

तक्ता छापून बाहेर गेला. आबासाहेबांनी तक्त्याच्या माथ्यावरची आपली प्रस्तावना तेवढी वाचली. पंधरा दिवसांनी नानासाहेब वकील तक्ता हातात घेऊन छापखान्यात शिरले. माझा चौकोन कुठे म्हणून जे ओरडायला लागले ते गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जात होतं. आबासाहेबांनी चष्मा लावून ती बारीक ओळ वाचली. मी उभा राहून सांगितलं की पेन्सिल माझी आहे, दाजीबाचा संबंध नाही. आबासाहेब म्हणाले, उद्यापासून येऊ नका.

आणि त्याच वेळी दारात पारूबाई. मागे सात-आठ कोळणी. टोपलीत वरच हाताएवढं पापलेट. तिला काय ठाऊक आत काय चाललंय? ओळ छापून आल्याचं तिच्या कानावर आलं होतं, आणि तिची समजूत अशी की मालकांनीच छापलं. टोपली ठेवून तिने उंबऱ्याला हात लावला आणि म्हणाली की मालक, तुमच्यामुळे माझ्या माणसाचं नाव राहिलं.

आबासाहेबांनी तिच्याकडे पाहिलं. बायकांकडे पाहिलं. पापलेटाकडे जरा जास्त वेळ पाहिलं. मग घसा साफ करून नानासाहेबांना म्हणाले, "इतिहास म्हटला की सगळं आलं पाहिजे. मी मास्तरांना तेव्हाच सांगितलं होतं."

वकील पाय आपटत गेले. माझी नोकरी राहिली. पण खरं सांगू, 'उद्यापासून येऊ नका' ऐकताना जेवढा संताप झाला नव्हता तेवढा हे वाक्य ऐकताना झाला. पुढे आयुष्यभर त्या ओळीचं श्रेय आबासाहेब घेत राहिले, आणि लोकही देत राहिले.

*

मी पुन्हा त्या बंदरावरच्या कचेरीत गेलो. तेच कारकून, तीच पगडी. मी काही बोलायच्या आधी त्यांनी मागे वळून भिंतीकडे बोट केलं. तिथे आमचा तक्ता लावलेला होता.

"आता नोंद आहे," ते म्हणाले.

म्हटलं, साहेब, हे आम्हीच छापलंय. त्यांनी मला वेड्यात काढलं. छापलं आहे म्हणजे कोणीतरी चौकशी करूनच छापलं असणार, एवढी अक्कल तुम्हाला नाही का, असं विचारलं. मग तक्त्यावरून तारीख आणि नाव उतरवून इंग्रजीत दाखला लिहिला, शिक्का मारला आणि शाई सुकवायला वाळू टाकून माझ्या हातात दिला. समुद्राचा विषय त्यांनी काढला नाही, मीही काढला नाही.

*

दाखला आणि तक्ता घेऊन आम्ही वरळीला नाखव्याच्या घरी गेलो. पारूबाई, मी, दाजीबा. मंजुळा घरीच राहिली होती. आईने तिला सांगितलं होतं की मी परत येईन तेव्हा माझ्या तोंडाकडे बघ, विचारू नको.

नाखवा साठीचा, उघड्या अंगाचा, जाळं विणत बसलेला. त्याने शिक्क्याचा दाखला हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला आणि बाजूला ठेवला. ही साहेबाची भाषा, आपल्याला कळत नाही म्हणाला. तो मोठा कागद वाचा.

मी तक्ता जमिनीवर पसरला, कोपऱ्यांवर दाजीबाने जाळ्याला लावायची शिशाची वजनं ठेवली. मी ती बारीक ओळ वाचली. नाखव्याने परत वाचायला सांगितली. परत वाचली. धर्मा पोरवयात माझ्याच होडीवर होता, एवढं म्हणाला.

मग तो म्हणाला, आता सगळा कागद वाचा. पहिल्यापासून.

मला वाटलं कंटाळेल. जानेवारीपासून सुरुवात केली. लाटसाहेब आले. लाटसाहेब गेले. घोडा जिंकला. फुलांचं प्रदर्शन भरलं. तिथे दाजीबा उठून अंगणात गेला. पुतळा उभारला. मेजवानी झाली. साहेब दोनदा उतरले. नाखव्याचे हात जाळ्यावर चालू होते, पण एक ओळ त्याने सोडली नाही. डिसेंबर संपला तेव्हा उन्हं ओसरीवरून उतरली होती.

नाखवा पारूबाईकडे वळला. शिमगा झाला की लगीन करू म्हणाला. ती खाली बसली, आणि तीन वर्षांत पहिल्यांदा रडली.

मी तक्ता गुंडाळायला घेतला. नाखव्याने त्यावर हात ठेवला.

"मास्तर, सगलं वाचलंत? काय सोरलं नाय?"

नाही म्हटलं. सगळं वर्ष वाचलं.

"मंग येक सांगा. बाकीच्या दिसांला मुंबयत कोन कामाला गेलाच नाय?"